घरच्या डीव्हीडीला आवाज कोणत्या फॉरमॅटमध्ये द्यावा?

डिस्क संगणकावर छान चालते. तीच टीव्हीजवळच्या प्लेअरमध्ये घातली की चित्र येतं, आवाज येत नाही. घरी बनवलेल्या डीव्हीडींची ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार आहे, आणि बहुतेक वेळा त्यात डिस्कचा दोष नसतो, बर्नरचाही नसतो. दोष असतो तो डिस्क तयार करताना ‘ऑडिओ फॉरमॅट’च्या चौकटीत निवडलेल्या एका पर्यायाचा.

संगणकातलं सॉफ्टवेअर समोर येईल तो आवाज उलगडतं. प्लेअरमधल्या चिपला मात्र नेमून दिलेले तीन-चारच प्रकार ओळखता येतात. म्हणून ‘कोणता फॉरमॅट सगळ्यात चांगला ऐकू येतो’ हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न असा, की कोणता आवाज उलगडणं प्रत्येक प्लेअरवर बंधनकारक आहे, आणि तो आवाज चित्राच्या वाट्याची किती जागा खातो?

घाईत असणाऱ्यांसाठी उत्तर आधीच देतो. डिस्क दुसऱ्यांना द्यायची असेल तर स्टिरिओ एसी-३ म्हणजेच डॉल्बी डिजिटल, ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८,००० मोजमापं), १९२ किंवा २२४ केबीपीएस (बिटरेट, म्हणजे सेकंदाला इतके किलोबिट). कार्यक्रम तासाभराच्या आतला असेल आणि त्यात संगीत महत्त्वाचं असेल तर पीसीएम म्हणजे न दाबलेला आवाज, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट. यापलीकडे जायचं असेल तर त्यासाठी ठोस कारण हवं.

नियमात बसणारे प्रकार

डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमावलीत घरगुती कामासाठी महत्त्वाचे असे चार प्रकार येतात: एलपीसीएम (याला नुसतं पीसीएमही म्हणतात), एसी-३, एमपेग ऑडिओ लेअर २ म्हणजे एमपी२, आणि डीटीएस. एमपी३ यात नाही, एएसीही नाही. मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओचा आवाज जवळजवळ नेहमी एएसी असतो, म्हणजे तो आहे तसा डीव्हीडी-व्हिडिओवर जाऊच शकत नाही. काही ऑथरिंग सॉफ्टवेअर (फाइलींतून मेन्यूसकट डीव्हीडी रचणारे प्रोग्रॅम) तो मुकाट्याने बदलून घेतात आणि कशात बदलला ते सांगतही नाहीत. गोंधळाची सुरुवात तिथूनच होते.

या चारांपैकी बंधनकारक कोणते, हे टीव्ही पद्धतीवर ठरतं: एनटीएससी ही अमेरिका-जपानकडची, पाल ही भारत-युरोपकडची. एनटीएससी डिस्कवर निदान एक ट्रॅक पीसीएम किंवा एसी-३ असलाच पाहिजे. पाल डिस्कवर निदान एक ट्रॅक पीसीएम, एसी-३ किंवा एमपी२ यांपैकी हवा. पालच्या बाबतीत हा नियम सुरुवातीला वेगळा होता. तेव्हा पीसीएम किंवा एमपेग ऑडिओच चालत असे, एकटा एसी-३ ट्रॅक चालत नसे. पण मल्टिचॅनेल एमपेगचे एन्कोडर (आवाज दाबणारे) आणि डीकोडर (तो उलगडणारे) पुरेसे मिळेनात, तेव्हा डिसेंबर १९९७ मध्ये नियम बदलून पाल डिस्कवरही एकट्या एसी-३ ला मान्यता देण्यात आली.

दोन्ही नियम शेजारी ठेवून पाहा. दोन्ही याद्यांत येणारी नावं दोनच आहेत, पीसीएम आणि एसी-३. कुठल्याही प्लेअरवर वाजण्याची सगळ्यात जास्त खात्री या दोघांचीच आहे, आणि पुढचं सगळं गणित त्यांच्याभोवतीच फिरतं.

पीसीएम: शुद्ध, पण खादाड

पीसीएममध्ये आवाज दाबलेलाच नसतो. ध्वनिलहरीची मोजमापं जशीच्या तशी लिहिलेली असतात, त्यामुळे एन्कोडिंगमध्ये काही बिघडण्याचा प्रश्न येत नाही आणि डीकोडरला कष्ट पडत नाहीत. डीव्हीडीवर तो ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झला आणि १६, २० किंवा २४ बिटला ठेवता येतो. घरच्या डिस्कसाठी ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ याच्यावर जाऊ नका. ९६ किलोहर्ट्झ किंवा २४ बिटचा ट्रॅक पुष्कळ प्लेअर आतल्या आत उतरवूनच वाजवतात, म्हणजे जागा गेली आणि हाती काही आलं नाही.

अडचण आकाराची आहे. ४८,००० गुणिले १६ गुणिले २ म्हणजे सेकंदाला १५,३६,००० बिट, अर्थात १५३६ केबीपीएस. एका तासाचे ६९१ एमबी होतात, दोन तासांचे १३८२ एमबी. एकेरी थराच्या डिस्कवर ४.७ अब्ज बाइट मावतात (संगणक हीच जागा साधारण ४.३८ जीबी अशी दाखवतो, कारण तो १०२४ च्या पटीत मोजतो). म्हणजे दोन तासांच्या कार्यक्रमात डिस्कचा जवळजवळ ३० टक्के भाग नुसत्या आवाजात जातो. तो भाग चित्राच्या वाट्यातून कापला जातो आणि हलणाऱ्या दृश्यांत चौकोनी ठिपके दिसू लागतात.

दुसरी अडचण वेगाची. डीव्हीडीवर चित्र, आवाज आणि सबटायटल मिळून सेकंदाला १०.०८ मेगाबिटची कमाल मर्यादा आहे. कागदावर ती मर्यादा गाठता येते, पण बर्न केलेली डिस्क कारखान्यात छापलेल्या डिस्कपेक्षा कमी प्रकाश परावर्तित करते, आणि जुन्या प्लेअरची लेन्स ती वाचताना अडखळते. वाचन एकदा मागे पडलं की चित्र थबकतं, आवाज तुटतो. म्हणून घरच्या डिस्कवर एकूण बिटरेट कोणत्याही क्षणी ८ मेगाबिटच्या आसपासच रोखलेला बरा. त्यातले दीड मेगाबिट पीसीएमने घेतले, की चित्राला साडेसहाच उरतात. तासाभराच्या कार्यक्रमाला तेवढे भरपूर होतात. दोन तासांना मात्र तेवढेही मिळणार नाहीत, कारण तिथे डिस्कची जागाच आधी संपते.

एमपी२: अर्ध्या जगाचा सोबती

एमपी२ हा साधा, जुना आणि मजबूत फॉरमॅट आहे. डीव्हीडीवरच्या साध्या स्टिरिओ एमपी२ ला ३८४ केबीपीएसपर्यंत परवानगी आहे. २२४ किंवा २५६ ला तो छान ऐकू येतो. डीव्हीडी बर्नर घराघरांत आले त्या काळात एसी-३ चा एन्कोडर सॉफ्टवेअरमध्ये द्यायचा तर परवाना शुल्क पडत असे. म्हणून स्वस्त आणि फुकट प्रोग्रॅम एमपी२ किंवा पीसीएम एवढंच देत, आणि त्या काळातल्या असंख्य घरगुती डिस्कवर एमपी२ आढळतो. आता एसी-३ ची पेटंटं संपली आहेत आणि मोफत एन्कोडर चांगल्या दर्जाचे आहेत, तेव्हा त्या कारणासाठी एमपी२ घ्यायची गरज उरलेली नाही.

एमपी२ घेतल्यावर धोका कुठे असतो? एनटीएससी प्लेअरला तो उलगडणं बंधनकारक नाही. पुष्कळ प्लेअर उलगडतात, पण ‘पुष्कळ’ म्हणजे ‘सगळे’ नव्हेत. दुसरा धोका पाल प्लेअरवरही येतो. प्लेअरचा डिजिटल आवाज ऑप्टिकल किंवा कोअॅक्सियल केबलने होम थिएटरच्या रिसीव्हरला दिलेला असेल आणि प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘रॉ’ निवडलेलं असेल, तर काही प्लेअर एमपी२ न उलगडताच पुढे पाठवतात. रिसीव्हरला डॉल्बी आणि डीटीएस कळतं, एमपी२ बहुधा कळत नाही. मग शांतता. तीच डिस्क टीव्हीच्या लाल-पांढऱ्या केबलवर नीट वाजते, त्यामुळे दोष शोधणारा माणूस चक्रावून जातो.

मूळ रेकॉर्डिंगच ४८ किलोहर्ट्झच्या एमपी२ मध्ये असेल, उदाहरणार्थ डिजिटल टीव्ही प्रक्षेपणातून किंवा एचडीव्ही कॅमकॉर्डरवरून आलेलं, आणि डिस्क पालच असेल, तर तो ट्रॅक न बदलता तसाच ठेवावा. एकदा दाबलेला आवाज उलगडून पुन्हा दाबण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

एसी-३: बहुतेक कामांसाठी हाच

एसी-३ मध्ये एका चॅनेलपासून ५.१ पर्यंत (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) काहीही बसतं. डीव्हीडीवर त्याची वरची मर्यादा ४४८ केबीपीएस आहे. हा फॉरमॅट स्वतः ६४० पर्यंत जातो, पण तो दर डीव्हीडीच्या नियमाबाहेरचा आहे. एन्कोडरमध्ये ६४० दिसतं म्हणून ते निवडू नका.

स्टिरिओला १९२ पुरेसे. संगीत, टाळ्या, झांजा, पाऊस असं काही असेल तर २२४ किंवा २५६ घ्या. नुसतं बोलणं असेल तर १२८ लाही चालतं. पण १२८ ला टाळ्यांचा कडकडाट पाण्याच्या बुडबुड्यांसारखा ऐकू येऊ लागतो आणि वाचणारी जागा क्षुल्लक असते. दोन तासांचा १९२ केबीपीएसचा ट्रॅक सुमारे १७३ एमबीचा होतो, पीसीएमच्या आठव्या हिश्शाचा. हा दर ठरावीक पायऱ्यांनीच वाढतो: १२८, १६०, १९२, २२४, २५६, ३२०, ३८४, ४४८. मधले आकडे चालत नाहीत.

एफएफएमपेग या मोफत रूपांतर-प्रोग्रॅममध्ये डीव्हीडीचं तयार ‘टार्गेट’ (सेटिंगचा संच) वापरलं तर ते आवाजाला आपणहून ४४८ केबीपीएस लावतं, मग मूळ आवाज साधा स्टिरिओ का असेना. ते नियमबाह्य नाही, पण दोन तासांत २३० एमबी उगाच जातात. टार्गेट दिल्यानंतर ऑडिओ बिटरेट वेगळा लिहून १९२ करून घ्यावा.

आता आवाज ‘बारीक’ येण्याचा मुद्दा. याबद्दल एसी-३ वर नाहक ठपका येतो. एसी-३ च्या प्रत्येक फ्रेममध्ये (आवाजाच्या छोट्या तुकड्यात) ‘डायलॉग नॉर्मलायझेशन’ नावाचा एक आकडा लिहिलेला असतो, उणे १ ते उणे ३१ डेसिबलच्या दरम्यान. या कार्यक्रमातलं बोलणं सरासरी किती मोठं आहे, हे तो आकडा डीकोडरला सांगतो, आणि सगळे कार्यक्रम एका पातळीला यावेत म्हणून डीकोडर त्यानुसार आवाज उतरवतो. किती उतरवायचा? ३१ मधून लिहिलेला आकडा वजा करायचा. उणे ३१ लिहिलं तर शून्य कपात. उणे २७ लिहिलं तर ४ डेसिबल कपात. कित्येक एन्कोडरमध्ये उणे २७ आधीपासून भरलेलं असतं, एफएफएमपेगमध्ये उणे ३१. एकच डब्ल्यूएव्ही (न दाबलेल्या आवाजाची) फाइल दोन सॉफ्टवेअरमधून काढली आणि एकीचा आवाज लहान आला, तर पहिल्यांदा हा आकडा तपासा. घरच्या डिस्कसाठी उणे ३१ ठेवणं सगळ्यात सरळ. मूळ फाइलमध्ये जेवढा आवाज असेल तेवढाच बाहेर येईल.

एन्कोडरच्या सेटिंगमध्ये त्याच पानावर ‘डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन’ची प्रोफाइल असते: ‘फिल्म स्टँडर्ड’, ‘म्युझिक लाइट’, ‘नन’ वगैरे. ही प्रोफाइल लावली की डीकोडर हळू आवाज वर उचलतो आणि मोठा आवाज खाली दाबतो. घरी चित्रित केलेल्या समारंभात त्यामुळे एक विचित्र गोष्ट होते. बोलणारा थांबला की मागची पंख्याची घरघर हळूच वर येते, तो बोलू लागला की ती खाली जाते. ‘नन’ निवडा.

मोनो रेकॉर्डिंग असेल तर? एसी-३ मध्ये खरा मोनो ट्रॅक करता येतो, पण होम थिएटरवर तो एकट्या मधल्या स्पीकरमधून येतो. तोच आवाज डाव्या-उजव्या दोन्ही चॅनेलवर घालून स्टिरिओ केलेला बरा. उलट बाजूने, स्टिरिओतून ‘बनवलेल्या’ ५.१ च्या मागे लागू नये. मूळ ध्वनिमुद्रणात मागच्या स्पीकरसाठी काही नसतंच. सॉफ्टवेअर जे घालतं ते प्रतिध्वनी आणि अंदाज, आणि साध्या टीव्हीवर प्लेअर पुन्हा ५.१ चे दोन चॅनेल करतो तेव्हा बोलणं मागे पडून बाकीचाच कल्लोळ पुढे येतो.

डीटीएसबद्दल थोडक्यात: तो ऐच्छिक आहे. कुठल्याही प्लेअरला तो उलगडणं बंधनकारक नाही आणि जागाही एसी-३ पेक्षा कितीतरी जास्त लागते. एकटा डीटीएस ट्रॅक असलेली डिस्क नियमातच बसत नाही. द्यायचाच असेल तर दुसरा ट्रॅक म्हणून द्या.

जागेचं गणित

डिस्कच्या ४.७ अब्ज बाइटांचे ३७.६ अब्ज बिट होतात. त्यांना कार्यक्रमाच्या सेकंदांनी भागा, मेन्यू आणि पॅकिंगसाठी चार टक्के सोडा, आणि उरलेल्यातून आवाजाचा बिटरेट वजा करा. जे उरेल ते चित्राचं.

९० मिनिटांना एकूण साधारण ६६८० केबीपीएस मिळतात. पीसीएम घेतला तर चित्राला ५१५० च्या आसपास उरतात, १९२ चा एसी-३ घेतला तर ६४९०. दोन्ही चालण्यासारखे आहेत. १२० मिनिटांना एकूण ५०१० मिळतात. पीसीएम घेतल्यावर उरतात ३४७०, एसी-३ घेतल्यावर ४८२०. इथे फरक डोळ्यांना दिसतो, कारण हातात धरून काढलेल्या, हलत्या चित्रणाला साडेतीन हजार पुरत नाहीत. एसी-३ ने आवाजात जे थोडंसं गमावलं ते कानाला शोधावं लागतं. पीसीएममुळे चित्रात जे गमावलं ते समोर पडद्यावर असतं.

४४.१ आणि ४८: सगळ्यात महागात पडणारी चूक

ऑडिओ सीडीचा सॅम्पलिंग रेट ४४.१ किलोहर्ट्झ. डीव्हीडी-व्हिडिओवर तो चालत नाही, तिथे ४८ लागतो. सीडीवरून घेतलेली गाणी किंवा संगणकावर केलेलं निवेदन बहुधा ४४.१ मध्ये असतं, ते आधी ४८ मध्ये बदलावं लागतं. बदलणं म्हणजे रीसॅम्पल करणं: दर सेकंदाला ४४,१०० मोजमापं आहेत, त्यांवरून ४८,००० नवी काढायची.

काही साधनांमध्ये याऐवजी नुसतं लेबल बदलण्याची सोय असते, म्हणजे फाइलच्या डोक्यावर ‘४८,०००’ लिहायचं आणि आतला मजकूर तसाच ठेवायचा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्येही दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. ट्रॅकच्या मेन्यूतला ‘रेट’ बदलणं म्हणजे लेबल बदलणं, ‘ट्रॅक्स’ मेन्यूतला ‘रीसॅम्पल’ म्हणजे खरं रूपांतर. लेबल बदललं तर आवाज ८.८ टक्के वेगाने वाजतो, स्वर हार्मोनियमवर जवळजवळ दीड पट्टी वर चढतो, आणि तासाभराचा कार्यक्रम ५५ मिनिटं ७ सेकंदांत संपतो. माणसांचे आवाज चिरके आणि ओठांशी न जुळणारे झाले तर कारण हेच.

जुन्या डीव्ही कॅमकॉर्डरच्या टेपवर आणखी एक सापळा असतो. तिथे १२ बिटची सेटिंग असेल तर आवाज ३२ किलोहर्ट्झला नोंदलेला असतो. तोही ४८ ला रीसॅम्पल करावा लागतो.

एका टायटलसेटमध्ये एकाच जातीचा आवाज

हा नियम मेन्यूमागे लपलेला असतो, म्हणून फारसा कुणाला ठाऊक नसतो. डीव्हीडीवर कार्यक्रमाचे भाग टायटलसेटमध्ये बांधलेले असतात आणि प्रत्येक टायटलसेटच्या माहिती-फाइलमध्ये एकदाच लिहिलेलं असतं: पहिला ट्रॅक एसी-३, दोन चॅनेल, ४८ किलोहर्ट्झ. प्लेअर त्यावर विसंबून डीकोडर तयार ठेवतो. समजा पाच क्लिप आहेत, चारांत एसी-३ आणि एकीत एमपी२. पाचवी क्लिप आली की काही प्लेअर गप्प होतात, काही गोठतात. चॅनेलची संख्या बदलली, एक भाग ५.१ आणि पुढचा स्टिरिओ असला, तर रिसीव्हरला नव्याने जुळवून घ्यावं लागतं आणि प्रत्येक जोडावर अर्धा-एक सेकंद आवाज जातो.

म्हणून सगळ्या क्लिप एकाच प्रकारच्या, एकाच बिटरेटच्या, एकाच चॅनेलसंख्येच्या करून घ्याव्यात. एखादी क्लिप मुळातच मूक असेल तर तिलाही तेवढ्याच लांबीचा नि:शब्द ट्रॅक त्याच फॉरमॅटमध्ये लावावा. ट्रॅकच नसेल तर पुष्कळ ऑथरिंग सॉफ्टवेअर तिथेच अडतात.

दोन ट्रॅक द्यायचे असतील, म्हणजे एक मूळ आवाज आणि एक निवेदन, तर सर्वांकडे वाजणारा ट्रॅक पहिल्या क्रमांकावर ठेवा. दोन्हींना भाषेचं नाव नीट लावा. प्लेअरमध्ये आवडती भाषा ठरवलेली असेल तर तो क्रमाकडे न बघता त्या भाषेचा ट्रॅक उचलतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं की मूळ आवाज गायब झाला.

काम कोणत्या क्रमाने करावं

आधी मीडियाइन्फो या फाइलीची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मूळ फाइल उघडून चार गोष्टी टिपून घ्या: ऑडिओचा प्रकार, सॅम्पलिंग रेट, चॅनेल, बिटरेट. व्हिडिओच्या खाली फ्रेम रेट ‘व्हेरिएबल’ (बदलता) लिहिलाय का तेही पाहा. मोबाइलच्या चित्रणात तो बहुधा तसा असतो, आणि पुढे आवाज मागे-पुढे सरकतो त्याचं मूळ तिथे असतं. संपादनाआधीच चित्र स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या.

मूळ आवाज ४८ किलोहर्ट्झचा एसी-३ असेल आणि ४४८ केबीपीएसच्या आत असेल तर त्याला हात लावू नका. एव्हीसीएचडी कॅमकॉर्डरमध्ये तो बहुधा असाच असतो. चित्र एमपेग-२ मध्ये बदला, आवाज ‘कॉपी’ करा.

कापाकापी किंवा मिसळणी करायची असेल तर आवाज डब्ल्यूएव्हीमध्ये उतरवून करा. एसी-३ ची एक फ्रेम ३२ मिलिसेकंदांची असते आणि पालच्या चित्राची ४० ची. दाबलेला आवाज कापला की सांधा चित्राशी बरोबर जुळत नाही आणि बारीक ‘टिक’ ऐकू येते. डब्ल्यूएव्हीमध्ये हवं तिथे कापता येतं.

संपादन झाल्यावर आवाजाचं शिखर उणे १ ते उणे ३ डेसिबलपर्यंत राहील अशी पातळी ठरवा. शून्याला भिडवू नका, कारण दाबलेला आवाज उलगडताना शिखरं मूळच्यापेक्षा थोडी वर जातात आणि फाटतात. मग ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट डब्ल्यूएव्ही काढा. पीसीएम ठेवायचा तर हीच फाइल ऑथरिंगला द्या, नाहीतर तिच्यातून एकदाच एसी-३ बनवा. डीव्हीडी स्टायलरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्पाच्या गुणधर्मांत ऑडिओचा प्रकार आणि बिटरेट ठरवता येतो. क्लिप घालण्यापूर्वीच तो ठरवा. फाइल आधीच नियमात असेल तर तिच्यावर ‘कॉपी’ निवडा, म्हणजे तयार एसी-३ पुन्हा दाबला जाणार नाही.

तयार झालेलं फोल्डर लगेच बर्न करू नका. त्यातली एखादी व्हीओबी (चित्र आणि आवाज असलेली) फाइल मीडियाइन्फोत उघडून ऑडिओची ओळ पुन्हा वाचा. सॉफ्टवेअरने परस्पर काही बदललं असेल तर इथेच कळतं. नंतर पुसता येणाऱ्या डिस्कवर एक चाचणी-प्रत काढा आणि मिळेल त्या सगळ्यात जुन्या प्लेअरवर लावा. मात्र जुने प्लेअर पुसता येणारी डिस्क मुळातच वाचायला कुरकुरतात, त्यामुळे ती उघडलीच नाही तर आवाजाला दोष न देता साध्या एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर प्रयत्न करा. पहिल्या चाचणीला टीव्हीचा आवाज अगदी लहान ठेवा, त्याचं कारण पुढे येतंय.

लक्षणावरून कारण

चित्र आहे, आवाज अजिबात नाही: रिमोटवरचं ‘ऑडिओ’ बटण दाबा. पडद्यावर ट्रॅकचं नाव आलं तर प्लेअरला ट्रॅक दिसतोय, मग डिजिटल आउटपुट ‘बिटस्ट्रीम’वरून ‘पीसीएम’वर टाकून पाहा. त्यावर आवाज आला तर ट्रॅक एमपी२ आहे किंवा रिसीव्हरला तो प्रकार कळत नाही. नावच आलं नाही तर ऑथरिंग चुकलंय.

आवाजाऐवजी जोरदार खरखर: दाबलेला डेटा कुणीतरी पीसीएम समजून वाजवतंय, किंवा पीसीएमच्या बाइटांचा क्रम उलटा झालाय. डब्ल्यूएव्हीमध्ये लहान बाइट आधी असतो, डीव्हीडीच्या पीसीएममध्ये मोठा आधी. हा बदल ऑथरिंग सॉफ्टवेअरने करायचा असतो. ही खरखर पूर्ण ताकदीने येते आणि स्पीकरला इजा करू शकते, म्हणून पहिल्या चाचणीला आवाज लहान.

आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच मागे: एकाच ठिकाणचा फरक आहे. ऑथरिंगमध्ये तेवढ्या मिलिसेकंदांचा ‘डिले’ द्या, झालं.

आवाज सुरुवातीला जुळलेला, शेवटी सुटलेला: हा वेगातला फरक. किती सुटतो ते मोजा, कारण आकडाच कारण सांगतो. तासाला ३.६ सेकंद असेल तर २९.९७ आणि ३० फ्रेमची गल्लत. तासाला दोन-अडीच मिनिटं असेल तर २४ फ्रेमचं चित्र २५ ला पळवलंय आणि आवाज तसाच ठेवलाय. तासाला पाच मिनिटांच्या जवळ असेल तर ४४.१ आणि ४८. कधी जुळतो, कधी सुटतो असं असेल तर व्हेरिएबल फ्रेम रेट.

दुसऱ्या डिस्कचे नियम दुसरे

वर सांगितलेलं व्हिडिओ सीडीला लागू करू नका. तिथे एमपी२, ४४.१ किलोहर्ट्झ, बरोबर २२४ केबीपीएस हाच नेम आहे. ४८ दिलं तर तीच चूक ठरते. सुपर व्हिडिओ सीडीवरही ४४.१ चाच एमपी२ लागतो, पण बिटरेटला मोकळीक आहे. ब्लू-रेवर पीसीएम आणि एसी-३ दोन्ही प्रत्येक प्लेअरला वाजवावेच लागतात आणि तिथे एसी-३ ला ६४० ची मुभा आहे. डीव्हीडीसाठी केलेला ४८ किलोहर्ट्झचा एसी-३ ट्रॅक ब्लू-रेला तसाच वापरता येतो.

एव्हीआय फाइली डेटा म्हणून लिहिलेल्या डिस्क, ज्या काही प्लेअर थेट वाजवतात, त्यांत एमपी३ चालतो, पण स्थिर बिटरेटचा घ्या. बदलत्या बिटरेटचा एमपी३ एव्हीआयमध्ये घातला की काही प्लेअरना वेळ नीट मोजता येत नाही आणि पुढे-मागे ढकलल्यावर आवाज भलतीकडेच जातो.

डिस्क कोणतीही असो, ४८ किलोहर्ट्झची ती संपादित डब्ल्यूएव्ही फाइल पुसू नका. उद्या हाच कार्यक्रम दुसऱ्या डिस्कवर किंवा साध्या फाइलमध्ये न्यायचा झाला, तर एसी-३ उलगडून पुन्हा दाबण्याची वेळ येणार नाही. तासाला ६९१ एमबी ही त्यासाठी लागणारी जागा आहे.